स्कूबासाठी बॅकप्लेट आणि विंग घेताय? आधी वजनाचं गणित मांडा

मालवणला किंवा अंदमानात पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्यांचे फोटो पाहिले, तर बहुतेकांच्या अंगात एक जाडजूड जॅकेट दिसतं. खिसे, प्लास्टिकची बकलं, छातीवर पट्टा, पोटावर पट्टा. रील्समधल्या मुरलेल्या डायव्हरच्या अंगावर मात्र यातलं काहीच नसतं. छातीवरून जाणारे दोन काळे पट्टे, कमरेला एक बकल, एवढंच. बाकी सगळा संसार पाठीवर असतो. त्या संसाराला ‘बॅकप्लेट आणि विंग’ म्हणतात.

दिसायला हा प्रकार रुबाबदार आहे, आणि बरेच जण त्याच कारणाने तो विकत घेतात. मग पाटी कोणत्या धातूची आणि विंग किती मोठी, हे दुकानदार सांगेल तसं ठरतं. चूक झाली तर ती पाण्याखाली कळते. एक तर माणूस विनाकारण जड होऊन तळाकडे ओढला जातो, नाहीतर पाठीवर फडफडणारी मोठी पिशवी घेऊन सगळा डाइव्ह तोल सांभाळण्यात घालवतो.

नेमकं काय असतं हे?

तीनच भाग. पहिला म्हणजे धातूची पाटी, पाठीच्या आकाराला जुळेल अशी मधोमध दुमडलेली. दुसरा हार्नेस, म्हणजे पाटीच्या खाचांतून ओवलेला दोन इंची जाड पट्टा. मूळ पद्धतीत खांदे आणि कंबर मिळून हा एकच अखंड पट्टा असतो आणि दोन पायांमधून येणारी एक वेगळी पट्टी कमरेच्या बकलात अडकते. तिसरा भाग विंग, म्हणजे पाटी आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारी हवेची पिशवी. पाण्यात वर-खाली होणं हवेवर चालतं, आणि ती हवा इथे जॅकेटसारखी छाती-पोटाभोवती न राहता फक्त पाठीमागे राहते.

ही मांडणी समुद्रातली नाही, गुहांमधली आहे. अमेरिकेतल्या उत्तर फ्लोरिडात पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या लांबच लांब गुहा आहेत. तिथे जाणाऱ्या डायव्हरांसाठी ग्रेग फ्लॅनागन यांनी 1979 मध्ये अशी पाटी बनवली. पुढे विल्यम होगार्थ मेन यांनी तिच्यात सुधारणा केल्या. त्यांच्या मधल्या नावावरूनच अखंड पट्ट्याच्या हार्नेसला आजही ‘होगार्थियन’ म्हणतात. गुहेत डोक्यावर दगडाचं छत, खाली बारीक गाळ. शरीर तिरपं झालं की पायातले फिन गाळ उडवतात आणि पुढचं दिसेनासं होतं. त्यामुळे अंग अगदी आडवं राहणं आणि कुठेही काही न लोंबकळणं ही तिथली गरज होती. खुल्या समुद्रात जीवावर बेतत नाही, पण फायदा तोच मिळतो: वजन पाठीवर फुप्फुसांच्या जवळ येतं, अंग सहज आडवं राहतं, पाण्याचा अडथळा कमी होतो आणि पायांखालच्या प्रवाळाला लाथ बसत नाही.

पाटी कोणत्या धातूची?

बाजारात मुख्यतः दोन पर्याय आहेत. साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पाटीचं वजन अडीच ते पावणेतीन किलो भरतं. तशीच अ‍ॅल्युमिनियमची पाटी किलोच्या आत-बाहेर असते. कार्बन फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या पाट्याही मिळतात, त्या आणखी हलक्या असतात.

पण खरा प्रश्न हवेतल्या वजनाचा नसून पाण्यातल्या वजनाचा आहे. शाळेतला आर्किमिडीज इथे कामाला येतो. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. स्टील दाट असल्यामुळे पावणेतीन किलोची पाटी समुद्रात जवळपास 2.4 किलोने खाली ओढते. अ‍ॅल्युमिनियमची 900 ग्रॅमची पाटी अर्ध्या किलोहून थोडंच जास्त ओढते. दोन्हींत फरक पडतो पावणेदोन ते दोन किलोंचा, म्हणजे कमरेच्या पट्ट्यातल्या शिशाच्या एक-दोन ठोकळ्यांएवढा.

आता भारतीय पाण्यातला एक सरासरी डाइव्ह घेऊ. अंगात 3 मिलिमीटरचा वेटसूट आणि पाठीवर आपल्याकडे सर्रास मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे 11 लिटरचा सिलिंडर. पूर्ण भरला की त्यात 200 बारच्या वर दाब असतो आणि नुसत्या हवेचंच वजन अडीच किलोच्या पुढे जातं. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण डाइव्ह जसजसा पुढे जातो तसतसा माणूस हलका होत जातो, तो याच हवेमुळे. भरलेला असताना हा सिलिंडर पाण्यात किंचित बुडतो. रिकामा झाला की सुमारे 2 किलोने वर ओढू लागतो.

म्हणून हिशोब नेहमी डाइव्हच्या शेवटचा करायचा. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आहे, सिलिंडर रिकामा होत आलाय, विंगमध्ये हवा नाही. अशा वेळी माणूस तरंगत वर जाऊ नये, एवढंच वजन लागतं. रिकामा सिलिंडर सुमारे 2 किलोने वर ओढतो, वेटसूट आणखी दीड-दोन किलोने. रेग्युलेटर किलोभर खाली ओढतो. शरीराचा वाटा प्रत्येकाचा वेगळा असतो. चरबी जास्त असेल तर तरंगणं जास्त, अंगकाठी सडपातळ आणि स्नायूंची असेल तर कमी. ढोबळमानाने तीनेक किलोंची भरपाई करावी लागते. स्टीलची पाटी यातला बहुतेक भाग एकटीच उचलते आणि कमरेला शिशाचा एखादाच ठोकळा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीबरोबर दोन-तीन किलो शिसं लागेल.

एवढ्यावरून स्टील सरस वाटेल, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरसोबत बहुतेकांना ते सोयीचंही पडतं. पण दोन ठिकाणी गाडी अडते. सडपातळ माणूस नुसत्या पातळ रॅश गार्डवर उतरत असेल, तर स्टीलच्या पाटीनेच तो गरजेपेक्षा जड होऊ शकतो. पाटी काही पाण्यात काढून टाकता येत नाही. शिशाचा पट्टा मात्र संकटात सोडून देता येतो. सगळं वजन पाठीत स्क्रूने आवळलेलं आणि कमरेला सोडण्यासारखं काहीच नाही, अशी अवस्था वेटसूटवर उतरणाऱ्याने टाळावी. दुसरी अडचण स्टीलच्या सिलिंडरची. तो रिकामा झाल्यावरही बुडतोच. पातळ सूट, स्टीलचा सिलिंडर आणि स्टीलची पाटी हे त्रिकूट म्हणूनच धोक्याचं आहे. याउलट ब्रिटनसारख्या थंड पाण्याच्या देशात राहून ड्राय सूट घालणाऱ्यांना भरपूर शिसं लागतं, तिथे स्टीलची पाटी म्हणजे वरदानच.

प्रवासाचाही विचार आलाच. देशांतर्गत विमानात चेक-इन सामान बहुधा 15 किलोंवर अडतं. रेग्युलेटर, फिन, सूट आणि त्यावर स्टीलची पाटी असं सगळं बसवताना कपड्यांना जागा उरत नाही. शिसं डाइव्ह सेंटरवर मिळतंच, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा विमानाने अंदमानला जाणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियमची पाटी बरी.

विंग जेवढी मोठी तेवढी चांगली?

नाही. ही सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत आहे.

विंगला दोनच कामं करायची असतात. एक म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीचं जास्तीचं वजन पेलणं. ते किती असतं? सिलिंडरमधली हवा अडीच किलोंच्या वर, आणि खोल गेल्यावर दाबाने सूट चेपला जातो म्हणून गमावलेली त्याची तरंगण्याची ताकद. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. सूट अगदी कागदासारखा झाला असं धरलं, तरी 3 मिलिमीटरच्या सुटासाठी हे नुकसान दोनेक किलोंचं. एकूण झाले पाच किलो. दुसरं काम म्हणजे डायव्हरने काढून ठेवलेला अख्खा सेट पाण्यावर तरंगता ठेवणं. भरलेला सिलिंडर, पाटी, रेग्युलेटर आणि सेटला बांधलेलं थोडं शिसं धरलं तरी तो आकडा सहा किलोंच्या आसपास थांबतो.

म्हणजे एका सिलिंडरसाठी 11 ते 14 किलो उचलणारी विंग गरम पाण्यात पुरून उरते. या विंगांवर क्षमता बऱ्याचदा पौंडांत छापलेली असते, तेव्हा 25 ते 30 पौंड हा आकडा शोधावा. जाड सूट किंवा ड्राय सूट असेल तर 35-40 पौंडांपर्यंत जायला हरकत नाही. त्याहून मोठ्या, रुंद विंगा दोन सिलिंडरच्या जोडीसाठी असतात. तशी विंग एका सिलिंडरवर लावली की तिच्या कडा वर वळून सिलिंडरला दोन्ही बाजूंनी कवटाळतात, हवा घडीत अडकते आणि सोडायला गेलं तर बाहेर येत नाही. मालवणसारख्या उथळ पाण्यात याचा त्रास जास्त होतो, कारण पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. तिथे थोडं वर आलं तरी अडकलेली हवा भराभर फुगते.

विंगचे आकार दोन. वर्तुळासारखी बंद असते ती ‘डोनट’, आणि खालून उघडी ती घोड्याच्या नालासारखी. डोनटमध्ये हवा दोन्ही बाजूंना मोकळी फिरते, त्यामुळे डाव्या हाताच्या खालच्या व्हॉल्व्हमधून ती सहज सोडता येते. नालाच्या आकारात एका बाजूची हवा दुसरीकडे आणायला अंग कलवावं लागतं. नवीन घेणाऱ्याने डोनट घ्यावी. कडेने रबरी दोऱ्या आवळलेल्या विंगा दिसायला आटोपशीर वाटतात, पण तोंडाने हवा भरायची वेळ आली तर त्या दोऱ्यांशी झगडावं लागतं आणि भोक पडलं तर त्याच दोऱ्या हवा आणखी लवकर बाहेर ढकलतात.

पाटी एका कंपनीची आणि विंग दुसऱ्या कंपनीची चालते का? बहुतेक वेळा चालते. पाटीवरच्या मधल्या दोन भोकांमध्ये 11 इंचांचं अंतर ठेवण्याची प्रथा जवळपास सगळे पाळतात. सिलिंडर बांधायच्या कॅम बँडच्या खाचा मात्र जुळतात का, हे घेण्याआधी पाहावं. बँड दोन असावेत. एका बँडवर सिलिंडर डुगडुगतो.

हार्नेस

सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. हार्नेस घरी, सूट घालून, आरशासमोर बसवायचा असतो. पट्टा अंगाला लागून असावा, पण हाताची बोटं त्याखाली सरकायला हवीत. फार ढिला राहिला तर पाण्यात सिलिंडर इकडून तिकडे डोलतो. फार आवळला तर हात बाहेर काढताना कसरत होते. पाटीची वरची कड मानेमागे हात नेऊन बोटांना लागली पाहिजे. उंची कमी असणाऱ्यांसाठी आखूड पाट्या मिळतात. लांब पाटी कमरेला टोचते आणि डोकं वर करू देत नाही. पायांमधली पट्टी अनेकांना अवघड वाटते म्हणून ते ती काढून टाकतात, मग पृष्ठभागावर हवा भरली की सगळा सेट कानांपर्यंत वर सरकतो.

अखंड पट्ट्याची खरी परीक्षा होडीवर होते. आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी होड्या लहान असतात. पाण्यातच सेट काढून वर द्यायचा आणि मग हातांच्या जोरावर चढायचं. जॅकेटची बकलं चट्कन सुटतात. अखंड पट्ट्यातून मात्र लाटांवर हेलकावत कोपर बाहेर काढावं लागतं. आधी तरणतलावात सराव केला तर हे जमतं. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर हट्ट धरू नये, खांद्यावर बकल असलेला हार्नेस घ्यावा. त्याने पाटी-विंगचा फायदा जराही कमी होत नाही, ‘शुद्धतावादी’ काहीही म्हणोत.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: पाण्यावर तरंगताना विंग तोंडावर पाडते. हवा पाठीमागे असल्याने थोडं तसं होतंच, पण बहुतेक वेळा विंग गच्च फुगवलेली असते म्हणून होतं. हवा थोडी कमी करून मागे रेलून पडलं की खुर्चीत बसल्यासारखं तरंगता येतं.

घेतल्यावर पहिल्या डाइव्हला काय करावं?

प्रशिक्षकासोबत, 5 मीटरच्या आसपास, दोन चाचण्या. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना विंग पूर्ण रिकामी करून फिन मारत वर येता येतं का ते पाहायचं. येत नसेल तर सेट जड आहे, आणि विंग फाटली तर हीच वेळ खरोखर येणार आहे. दुसरी चाचणी डाइव्हच्या शेवटी, 50 बार उरलेले असताना. विंग रिकामी ठेवून त्याच खोलीवर स्थिर थांबता आलं पाहिजे. वर खेचले जात असाल तर किलोभर शिसं वाढवावं. या दोन्हींत जो बसतो तो सेट बरोबर, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

एखाद-दुसरा ‘ट्राय डाइव्ह’ केलेल्यांनी मात्र यात पैसे घालू नयेत. तिथे सेट सेंटरचा असतो आणि सोबतचा माणूसच तो सांभाळतो. आधी रीतसर कोर्स आणि भाड्याच्या सेटवर काही डाइव्ह झाले की स्वतःला किती शिसं लागतं हे कळतं, आणि त्या आकड्याशिवाय वरचं गणित मांडताच येत नाही.

जुना सेट घेताना पाटीला घाबरायचं कारण नाही. ती बहुधा मालकापेक्षा जास्त टिकते. फक्त स्टील 316 दर्जाचं आहे का ते विचारावं, आणि खाचांच्या कडांवरून बोट फिरवून पाहावं. धारदार कड पट्टा हळूहळू कापते. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर स्टीलचे बोल्ट असतील तर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी दिसते का ते पाहावं, ती गंजाची खूण. विंग गच्च फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी ढिली झाली असेल तर सौदा तिथेच थांबवावा. व्हॉल्व्ह उघडून आतून खडखडाट ऐकू आला किंवा मिठाचे खडे निघाले, तर आधीच्या मालकाने ती गोड्या पाण्याने कधी आतून धुतलीच नव्हती.