यीस्टमधल्या हिरव्या खुणेची कुळकथा

यीस्टची पेशी एखादं प्रथिन किती बनवते आहे, हे ती न फोडता पाहायचं असेल तर त्या प्रथिनाला जीएफपीचं, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं, शेपूट जोडतात आणि निळा प्रकाश टाकून हिरवी चकाकी मोजतात. या जीएफपीचं मूळ अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरमध्ये सापडतं. १९६१च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा यांनी तिथे हजारो जेलीफिश गोळा केल्या, त्यांच्या छत्रीच्या कडा कापून कापडातून पिळल्या. त्यांना हवं होतं निळा उजेड देणारं प्रथिन. हिरवं त्याच्यासोबत आलं. १९९२मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवलं.

कॅन्डिडा अल्बिकन्स या रोगकारक यीस्टमध्ये मात्र ते जमेना. बहुतेक सजीव जनुकातली सीटीजी ही तीन अक्षरं ल्युसीन या अमिनो आम्लाची खूण म्हणून वाचतात. कॅन्डिडा सेरीन म्हणून वाचते. म्हणजे जेलीफिशचं जनुक जसंच्या तसं दिलं की प्रथिनच चुकीचं घडणार. १९९७मध्ये ब्रेंडन कॉरमॅक आणि सहकाऱ्यांनी अख्खं जनुक यीस्टच्या वळणाने नव्याने लिहिलं. हेच वायईजीएफपी. कॅन्डिडासाठी घडवलेली ही आवृत्ती पावाच्या यीस्टनेही आपलीशी केली, आणि मला या कुळातला हाच सर्वांत देखणा टप्पा वाटतो.

अडचणी तरीही उरल्याच. यीस्टमधली फ्लॅविन्स (रायबोफ्लेविन आणि त्याच्या जातीची द्रव्यं) स्वतःच हिरवट चमकतात. यीस्ट वाढवायचं नेहमीचं पिवळसर वायपीडी माध्यमही चमकतं, म्हणून मोजणीआधी पेशी धुतात किंवा रायबोफ्लेविन वगळलेलं माध्यम वापरतात. जीएफपीला रंग धरायला ऑक्सिजन लागतो. दाटीवाटीने वाढलेल्या नळीत तो अपुरा पडला तर प्रथिन असूनही दिसत नाही. पेशीतल्या आम्लधर्मी रसधानीत गेलं तरी ते मंदावतं.

सगळ्यात फसवा त्याचा टिकाऊपणा. यीस्टमध्ये त्याचं अर्धायुष्य सुमारे सात तास, त्यामुळे जनुक बंद झाल्यावरही चकाकी रेंगाळते. २०००च्या सुमारास सीएलएन२ या प्रथिनाचा तुटण्याची खूण असलेला तुकडा जोडून ते अर्ध्या तासावर आणलं गेलं. पण लवकर तुटणारं जीएफपी साठत नाही. मग कमी प्रमाणात बनणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत फ्लॅविन्सची चकाकी पुन्हा आड येते, आणि प्रत्येक मोजणीत जीएफपी नसलेल्या यीस्टची एक नळी शेजारी ठेवून तिचा आकडा वजा करावा लागतो.