राईची गाडी गावी का येत नाही

कुवेतमध्ये राहिला असाल, तर राई तुम्हाला ठाऊक असेल: मोटारींची शोरूम्स आणि शुक्रवारचा बाजार. तिथे जुनी, पण ठणठणीत गाडी पाहून ‘ही गावी नेता आली तर?’ असे मनात आलेच असेल.

हिशेब बरोबर आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. तो तोटा पहिला मालक सोसतो, फायदा दुसऱ्याला मिळतो. याच हिशेबावर जपानच्या जुन्या गाड्या केनिया आणि न्यूझीलंडमध्ये पोचल्या. तिन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे अडचण आली नाही.

भारताने 2001 साली आयातीवरची संख्येची बंधने उठवली, पण जुन्या गाडीला अटी घातल्या: वय तीन वर्षांच्या आत, स्टिअरिंग उजवीकडे, उतरायचे मुंबई बंदरातच. कुवेतमध्ये वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. राईची गाडी तिथेच अडली.

अटींमागे देशी कारखाने जपण्याचा विचार होता. पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका 1998 साली नुकतीच आली होती. एक भाऊ कुवेतला आणि दुसरा पिंपरीच्या कारखान्यात, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. एकाची स्वस्त गाडी हुकली, ती दुसऱ्याच्या नोकरीसाठी. सौदा महाग होता का, ते तुम्हीच ठरवा.