उक्ती खेप : नव्या ट्रक ड्रायव्हरचा पगार आणि त्याची लाइन

मागच्या वेळी आपण मुळशीचं धरण आणि १९२१ चा सत्याग्रह पाहिला. शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता, की जमिनी पाण्याखाली गेल्यावर माणसं पोटासाठी काय करू लागली? त्याचं एकच एक उत्तर नाही. कुणी मुंबई गाठली, कुणी पुण्यात हमाली केली. पण पुढच्या पिढ्यांबद्दल बोलायचं तर एक धंदा वगळून चालणार नाही, आणि तो म्हणजे गाडीवरचा. पौडपासून पिरंगुटपर्यंत संध्याकाळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या बघा. त्यांत वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा पहिल्याच लांबच्या खेपेला निघालेला असतो. त्याला किती पैसे मिळणार आणि कुठल्या लाइनवर पाठवणार, हे कोण ठरवतं? आज एवढाच विषय आहे.

इतिहासाच्या व्याख्यानात हे कशाला, असं वाटेल. पण मजुरीचा इतिहास म्हणजे शेवटी दोनच शब्दांची ओढाताण आहे : रोज आणि उक्तं. रोजाने काम केलं तर वेळ मालकाची. उक्तं घेतलं तर वेळ आपली, आणि नुकसानही आपलंच. आपल्याकडे विहीर खणणाऱ्यापासून ऊसतोडीपर्यंत हे सगळ्यांना माहीत आहे. ट्रकच्या धंद्यात मात्र दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर चढवलेले दिसतात.

ड्रायव्हरला थोडा महिन्याचा पगार असतो. त्यावर खेपेचा भत्ता असतो. आणि पुष्कळ ठिकाणी गाडीचा खर्च उक्ता दिलेला असतो, म्हणजे डिझेल, जेवण, वाटेतले किरकोळ पैसे धरून एक आकडा हातात ठेवायचा. त्यातून उरलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर तेही त्याचंच. पगार बारीक आणि भत्ता जाड, अशी ही बांधणी आहे. आजारी पडून घरी राहिला की जाड भाग बंद.

आता हा हिशोब नव्या माणसाला कसा लागू पडतो ते पाहू. समजा पुण्याहून चेन्नईची खेप आहे, साधारण १,२०० किलोमीटर. गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरून मालकाने ३०० लिटरचे पैसे दिले. जुना ड्रायव्हर रस्ता ओळखतो. कुठं गिअर बदलायचा, कुठला चढ कसा घ्यायचा हे त्याला पाठ असतं. तो सव्वाचार काढतो आणि १७-१८ लिटर वाचवतो. नवा मुलगा पावणेचार काढतो, त्याला ३२० लिटर लागतात. वीस लिटरचे पैसे त्याच्या भत्त्यातून गेले. गाडी तीच, माल तोच, रस्ता तोच. म्हणजे शिकण्याचा खर्च शिकणाराच भरतो, आणि त्याला कुणी फी म्हणत नाही.

पूर्वी ही फी वेगळ्या रूपात होती. मुलगा क्लीनर म्हणून चढायचा. काचा पुसणं, चाकाची हवा बघणं, ताडपत्री-रस्से आवळणं, रिव्हर्सला मागं उभं राहून हाका मारणं, ढाब्यावर उस्तादाचं पाणी भरणं. पैसे नावापुरते, पण पोटाला मिळायचं, आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद कधीतरी स्टेअरिंग हातात द्यायचा. या शिक्षणात शिव्या आणि मारही होता, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण पहिल्या चुका दुसऱ्याच्या देखत व्हायच्या. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच राहिलेला नाही. अवजड गाडीच्या लायसनसाठी वय २० आणि आधी एक वर्ष हलक्या गाडीचं लायसन असावं लागतं, ते मिळालं की मुलगा थेट एकटा लाइनवर जातो.

इथे लाइनचा प्रश्न येतो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खेपा सारख्या नसतात. ज्या गावाहून परतीचा माल हमखास मिळतो ती चांगली लाइन. जिथं माल उतरवायला दोन दिवस लागतात ती वाईट. आपल्याकडे एक छान जुना शब्द आहे, ‘खोटी होणं’. ‘तुमची खोटी झाली’ म्हणजे तुमचा वेळ नाहक गेला. ट्रकवाल्यांचं निम्मं दुःख या एका शब्दात आहे. बंदराच्या रांगेत, कारखान्याच्या गेटवर गाडी खोटी होते, आणि खेपेवर पैसे असतील तर त्या वेळेचं मोल शून्य. जुने ड्रायव्हर अशा खेपेला घरी लग्न आहे म्हणतात, कंबर धरली म्हणतात. मग ती खेप कुणाकडे जाते? नव्याकडे. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण बहुतेक वेळा त्याने आधीच उचल घेतलेली असते.

हे सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीच्या ड्रायव्हरलाही मुक्कामी गाडीचा जाच होता आणि आहे. पण त्याची ड्युटी आगारात कागदावर लागते, तिच्यावर भांडता येतं, युनियनकडे जाता येतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली खेप तोंडी ठरते. तोंडी ठरलेल्या गोष्टीवर भांडायचं कुठं?

याहून जवळचं उदाहरण ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशीच उभं आहे. गाडी भरणारा हमाल. त्याचंही काम तुकड्यावर, त्याचाही मालक रोज बदलणारा. तरीही मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी होती. मालक एक नसेना का, मंडळ एक असू द्या. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून हमालाला मजुरी मिळते, भविष्यनिर्वाह निधी मिळतो, रजेचे पैसे मिळतात. आज या व्यवस्थेत दोष आहेत, तिच्या नावावर खंडणी उकळणारेही आहेत. पण कल्पना पक्की होती : उक्त्या कामालाही हक्क जोडता येतो. आमच्या मते महाराष्ट्राच्या कामगार इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आणि ती ट्रकच्या फाळक्यापर्यंत येऊन थांबली, केबिनमध्ये चढली नाही.

केबिनसाठी कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, म्हणजे माथाडी कायद्याच्या आठ वर्षं आधीचा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगीने १० आणि ५४. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. वाचायला उत्तम. पण तो लागू कुणाला? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक किती आहेत ते तुम्ही जाणता, कित्येकदा मालक हाच कालचा ड्रायव्हर असतो. हा कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला. तास मोजायचा विचार तोच राहिला. रस्ता मात्र खेप मोजतो, तास नाही.

राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि दुसऱ्याला आडवं होऊन झोपायला पूर्ण लांबीची जागा असावी, असा नियम होता. नियम पाळला जात होता असं कुणी म्हणणार नाही. २०१८ मध्ये ती सक्तीच काढली. दुसरा ड्रायव्हर म्हणजे नव्या मुलाला शिकायची शेवटची कायदेशीर जागा होती, हे त्या वेळी फारसं कुणी बोललं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. नाक्यावरची रांग संपली, खेप लवकर होऊ लागली. चांगलंच झालं. पण त्या रांगेत ड्रायव्हर डोळा लावायचा, ते तासही गेले.

आता उताराकडे येऊ. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांचा चुराडा केला. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात दिसतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. इंजिन बंद केलं की ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरत नाही. नुसतं न्यूट्रल केलं तरी गिअरचा आधार जातो आणि सगळं ओझं ब्रेकवर येऊन ते तापतात. ट्रक ड्रायव्हर बेफिकीर असतात, असं आपण टीव्हीसमोर बसून म्हणतो. ते सतरा-अठरा लिटर आठवा. उतारावर गाडी सोडून द्यायची सवय त्या हिशोबातून लागते. रस्त्यावर पट्टे मारून, फलक लावून ती किती सुटेल याची आम्हाला शंका आहे.

एक चिठ्ठी आली आहे. पुतण्या पुढच्या महिन्यात लाइनवर जातोय, त्याने काय विचारावं? तर विचारावं, की डिझेल पंपावर मालकाच्या खात्यावर भरायचं की उक्तं? गाडी खोटी झाली तर दिवसाचा भत्ता आहे का, आणि कितव्या दिवसापासून? माल कमी भरला तर कापणार कुणाचं? परतीचं भाडं मिळेपर्यंत जेवणाचे पैसे कुणाचे? पहिल्या दोन-तीन खेपांना सोबत जुना माणूस देणार का? आणि जे ठरेल ते फोनवर लिहून पाठवायला सांगावं. उचल घ्यायच्या आधी. दुसरी चिठ्ठी ताम्हिणी घाटाबद्दल आहे, ती पुढच्या वेळी घेऊ.