बुलेरिआस

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रदेशातील फ्लामेंको संगीताचा एक द्रुत, खेळकर प्रकार. मुख्य केंद्र हेरेस दे ला फ्रोन्तेरा. तेथील सान्तियागो व सान मिगेल या जिप्सी वस्त्यांत तो विशेष जोपासला गेला. सोलेआ या संथ प्रकाराचा शेवट लय वाढवून करण्याच्या प्रथेतून तो एकोणिसाव्या शतकात निघाला, असे सामान्यतः मानतात. एल लोको मातेओ या गायकाला दिले जाणारे श्रेय मौखिक परंपरेतले आहे.

ताल : आवर्तन बारा मात्रांचे. मोजणी बारापासून सुरू होते. आघात १२, ३, ६, ८, १० वर, म्हणजे वजन ३+३+२+२+२. सहाऐवजी सातवर आघात देणारेही पुष्कळ. हिंदुस्थानी संगीतातला एकतालही बारा मात्रांचाच, पण त्यात तिहाई समेवर येते. बुलेरिआसमध्ये वाक्य दहाव्या मात्रेवर तोडतात. हेरेसचे वादक बहुधा सहा-सहाच्या अर्ध्या आवर्तनात विचार करतात. बारा मोजत बसलेला नवशिका तेथे हमखास चुकतो. टाळ्या हेच मुख्य तालवाद्य : एक जण मात्रा धरतो, दुसरा मधल्या जागा भरतो.

गिटारवादन : स्वररचना बहुधा फ्रिजियन, म्हणजे भैरवी थाटासारखी, मात्र विसाव्याच्या स्वरसंघात गंधार शुद्ध. रूढ उतार डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए असा. गायकाच्या पट्टीसाठी गिटारच्या मानेवर सेहिया हा चिमटा लावतात. उजव्या हाताची बोटे झपाट्याने उलगडून तारा छेडणे म्हणजे रास्गेआदो. अनामिकेची थाप वाद्याच्या पृष्ठभागावरील संरक्षक पट्टीवर पडते. ती चुकली की सुरेल वाजवूनही बुलेरिआस होत नाही. गाण्याच्या कडव्यांमधील स्वतंत्र वाद्यवाक्याला फालसेता म्हणतात.

मोरोन दे ला फ्रोन्तेरा येथील दिएगो देल गास्तोर (१९०८–१९७३) यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रण जवळजवळ टाळले. तरी परदेशी, विशेषतः अमेरिकन, शिष्यांनी खासगी बैठकी टेपवर घेतल्यामुळे त्यांच्या फालसेता तपशिलात अभ्यासता येतात. त्या बहुतांशी अंगठ्याने वाजवलेल्या, तुटक आणि मोकळ्या जागा सोडणाऱ्या आहेत. हेरेसचे मोराइतो (१९५६–२०११) यांच्या वादनातही वेगापेक्षा वजनच मोठे. पाको दे लुसिआ (१९४७–२०१४) यांच्या 'आल्मोराइमा' (१९७६) या रचनेने हा प्रकार एकल वादनात दूरवर नेला. त्यांच्या अनुकरणात मात्र बऱ्याचदा नुसता वेगच उरला.

गायन : ला पाकेरा दे हेरेस (१९३४–२००४) ही प्रमुख गायिका.

नृत्य : एकेकाने रिंगणात येऊन थोडक्यात नाचण्याची रीत आहे.

हेरेस येथे १९६७ पासून बुलेरिआसचा उत्सव भरतो.