कान्हेरीच्या डोंगराचे पाणी

स्मरणिका मंडळाने आम्हाला "कान्हेरीवर काहीतरी लिहा" म्हणून सांगितले, तेव्हा प्रथम आठवली ती आमचीच एक फजिती. काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या उपासक-उपासिकांना घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो होतो. चैत्यगृहासमोर उभे राहून आम्ही भाषण ठोकले की, ही लेणी सम्राट अशोकाने कोरून घेतली, इथे हजारो भिक्खू राहात होते, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर आमच्या चाळीतल्या एक म्हाताऱ्या आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ते समदं खरं असंल बाबा. पर येवढी माणसं उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यायची, ते सांग की."

आम्हाला काही उत्तर देता आले नाही. जिने उभा जन्म पहाटे चारला उठून नळावर हंडा-कळशीचा नंबर लावला, तिलाच हा प्रश्न सुचणार. आम्हा भाषणबाजांना नव्हे.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो आणि वेळ मिळेल तसे डोंगरावर जायला लागलो. गिरणीत साचे चालवणाऱ्या माणसाला दगडातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण डोळे आणि पाय सर्वांना आहेत. पहिली चूक आधी दुरुस्त करतो. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे मिळाले ते सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला. कान्हेरीला अशोकाचा एकही लेख नाही. कान्हेरीचे काम इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे सुरू झाले, म्हणजे अशोकानंतर दोनशे-तीनशे वर्षांनी, आणि पुढे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत तिथे वर्दळ राहिली. जवळजवळ हजार वर्षे. आपल्या मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली उभी राहायला लागली. दीडशे वर्षांच्या आतच गिरणगावाची काय दशा झाली ते आपण पाहिले. त्यावरून हजार वर्षे म्हणजे काय, याचा अंदाज करावा.

आता डोंगर पाहू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापासून आत सहा-सात किलोमीटरवर तो आहे. शिलालेखांत त्याचे नाव "कण्हसेल" आणि "कृष्णगिरी" असे येते. कण्ह म्हणजे काळा, सेल म्हणजे शैल. काळा डोंगर. त्याचेच पुढे कान्हेरी झाले. साष्टी हे पूर्वी चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले बेट होते आणि हा डोंगर त्याच्या पोटात आहे. वसईच्या खाडीपलीकडे उत्तरेला सोपारा बंदर, पूर्वेला उल्हास नदीच्या काठी कल्याण, दक्षिणेला किनाऱ्याने गेले की चौल. कल्याणहून वाट नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठणला जायची. म्हणजे डोंगर जंगलात असला तरी जगापासून तुटलेला नव्हता. भिक्षेला जाता येईल इतका जवळ आणि बाजाराचा गोंगाट ऐकू येणार नाही इतका लांब.

दगडाची गोष्ट मोठी गंमतीची आहे. आपला सगळा महाराष्ट्र बहुतेक लाव्ह्याच्या थरांवर बसलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, निवला, पुन्हा वाहिला. मध्ये मध्ये विसावा मिळे तेव्हा तळी साचत. वरळीच्या टेकडीत त्या तळ्यांतल्या बेडकांचे सांगाडे दगड होऊन सापडले आहेत. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आम्हाला आपल्या शेजारी कोट्यवधी वर्षांचे बेडूक आहेत हे पन्नाशीला आल्यावर कळले!

पण सगळा काळा दगड एकजातीचा नसतो. अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहा. तिथे दगड उभ्या खांबांसारखा फाटलेला आहे, जणू कोणी लाकडाच्या फळ्या उभ्या लावून ठेवल्या आहेत. त्यात लेणे कोरायला गेले तर खांब एकेक करून सुटतील. कान्हेरीचा दगड तसा नाही. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेल्या खडकाच्या ठिकऱ्या आणि राख एकत्र दाबून घट्ट बसली, त्याचा हा गोळा आहे. भूगर्भशास्त्रवाले त्याला ब्रेशिया म्हणतात. जवळ जाऊन हात फिरवा, गिलाव्यात खडी दिसावी तशा त्यात लहानमोठ्या ठिकऱ्या दिसतील. हा दगड सलग आहे, त्यात लांबच लांब भेगा कमी. म्हणून त्याच्या पोटात छत सोडून खोली कोरता येते आणि जमिनीत टाके कोरले तर पाणी धरून राहते. तोटाही आहे. ठिकऱ्या उन्हापावसाने सुटतात, म्हणून मूर्तींचे चेहरे झिजले, अक्षरे खाल्ली गेली. लोक म्हणतात परकीयांनी सगळे फोडले. काही फोडले असेलही. पण बरेचसे या दगडाच्या अंगभूत स्वभावाने गेले आहे, हे आपण कबूल केले पाहिजे.

आता आजींचा प्रश्न. या भागात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो सगळा जून ते सप्टेंबर. उघड्या कातळावरून पाणी ओढ्याला जाते, ओढा समुद्राला, आणि दिवाळीनंतर ओढ्यात नुसते गोटे. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे हा नियम. तेवढे दिवस पाण्याला तोटा नाही. प्रश्न राहतो तो पुढच्या आठ महिन्यांचा.

उत्तर प्रत्येक लेण्याच्या दारात आहे, आम्हीच ते आजवर ओलांडून आत जात होतो. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात एका बाजूला जमिनीत टाके कोरलेले आहे. तोंड लहान, आत पोट मोठे. ऊन आत शिरत नाही, वाफ कमी होते, पाणी थंड राहते. वर कातळावर बारीक पन्हळी खोदल्या आहेत, त्यांतून पावसाचे पाणी टाक्याकडे वळवले आहे. शिवाय ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या दगडी बांधाचे अवशेष आहेत. शंभराहून जास्त लेणी आणि त्यांची टाकी, हा सगळा डोंगर म्हणजे एक पाणीपुरवठा योजनाच होती. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा एका टाक्यात दोरीला दगड बांधून सोडला. दोरी कमरेइतकी भिजून वर आली.

या टाक्यांना शिलालेखांत शब्द आहे "पोढी". पाणियपोढी म्हणजे प्यायच्या पाण्याचे टाके. आणि ती दिली कोणी? कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने एक पोढी दान दिली आहे. कल्याणच्याच नद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. चैत्यगृह व्यापाऱ्यांच्या दानातून झाले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात. म्हणजे आम्ही भाषणात राजाचे नाव घेत होतो आणि दगडावर नाव होते लोहाराचे! हातोडा चालवणाऱ्या माणसाने वाट बांधून द्यावी आणि दोन हजार वर्षांनी हातमागाच्या-गिरणीच्या माणसाने ती वाचावी, हे वाचताना आमचे अंग शहारले, ते लपवत नाही.

राजघराण्याचाही एक लेख आहे, पाच नंबरच्या लेण्यापाशी. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रपाची मुलगी असल्याचा उल्लेख आहे. सातवाहन आणि क्षत्रप हे एकमेकांचे वैरी, त्यांच्यात सोयरीक झाली होती हे इतिहासकारांना या लेखामुळे कळले. पण हा लेख आहे कशाचा? सतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा. इतिहासाची पुस्तके सोयरिकीवर पाने भरतात आणि टाक्याला एक ओळ देतात.

पाणी मिळाले, पण वस्त्राचे काय? त्यासाठी लोक "अक्षयनीवी" ठेवत. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजातून भिक्खूंना चीवर द्यायचे. आपल्या पतपेढीसारखेच. कान्हेरीच्या लेखांत अशा ठेवी आहेत. याचा सविस्तर हिशेब मात्र नाशिकच्या लेण्यात मिळतो. तिथे उषवदाताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, दोन हजार महिना शेकडा एक व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. विणकरांची संघटना बँकेचे काम करीत होती आणि तिच्यावर राजाचा जावई विश्वास ठेवत होता! आमच्या कामगार मित्रांनी हा आकडा पाठ करून ठेवावा.

पुढे कीर्ती लांब पसरली. 1839 साली चैत्यगृहासमोरच्या स्तूपात एक ताम्रपट सापडला. तो इसवी सन 494-95 चा. त्यात "कृष्णगिरी महाविहार" असा उल्लेख असून दान देणारा बुद्धरुची सिंधू देशचा होता. नवव्या शतकात शिलाहार राजांच्या वेळी गौड देशचा, म्हणजे बंगालचा अविघ्नाकर इथे येऊन द्रम्म देऊन गेला. 90 नंबरच्या लेण्यात 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. मग वर्दळ आटली. का आटली यावर विद्वानांचे वाद आहेत. आमचे मत विचाराल तर बंदरांचा व्यापार उतरला, तसे सोनार-लोहार-व्यापारी यांचे दान उतरले. टाकी उपसायला, पन्हळी साफ करायला माणूस लागतो. गिरणी बंद पडली की आधी शेडचे छत गळायला लागते, हे आम्ही पाहिले आहे.

या डोंगररांगेने पाणी देणे मात्र सोडले नाही. 1854 साली मुंबईत पाण्याची फार टंचाई झाली. तेव्हा इंग्रज सरकारने याच डोंगरात विहार तलाव बांधला आणि 1860 साली मुंबईला नळाने पहिले पाणी मिळाले. तुळशी तलाव 1879 साली पुरा झाला. कान्हेरीहून तो अगदी जवळ आहे. म्हणजे आमच्या पणज्याने गिरणगावात येऊन पहिल्यांदा नळाला तोंड लावले असेल, तर ते पाणी या डोंगराचेच. आता शहराला भातसा, वैतरणा, तानसा यांचे पाणी जास्त येते, पण विहार आणि तुळशी अजून चालू आहेत.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. त्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही निघालो तेव्हा एका पोढीत पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या तरंगत होत्या. त्यातल्या काही आमच्याच सहलीच्या होत्या. सामिदत सोनाराच्या दानाचे आम्ही असे केले. तेव्हापासून आमची मंडळी जाताना रिकामी गोणी घेऊन जातात. टाक्यात मात्र उतरायचे नाही, ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि खोलीचा भरवसा नाही. काठावरून हाताला येईल तेवढे काढायचे. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस सोडून जावे.

आजी आता हयात नाहीत. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाला नेले होते. तो पोढीच्या काठावर पालथा पडून आत डोकावत बसला आणि विचारू लागला, "काका, याला नळ नाही, मग पाणी येतं कुठून?" आम्ही त्याला हाताला धरून वर कातळावर नेले आणि पन्हळीत बोट फिरवायला लावले. बाटलीतले थोडे पाणी त्याने त्यात ओतले. ते वळण घेत खाली गेले आणि टाक्यात टपटप पडल्याचे आम्हा दोघांना ऐकू आले.