सामन्याच्या वहीची कुळकथा

१८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमध्ये स्विंडन टाऊन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांच्यात फुटबॉलचा सामना चालला होता. पूर्वार्धात स्विंडनच्या चढाया एकामागून एक वाया गेल्या. प्रेक्षकांत बसलेल्या चार्ल्स रीप यांना ते पाहवेना. त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि उत्तरार्धातली प्रत्येक चढाई खुणांच्या भाषेत टिपायला घेतली. रीप हवाई दलातले हिशेबनीस होते, त्यामुळे नोंद ठेवणं अंगातच मुरलेलं. सामन्याचं शास्त्रशुद्ध विश्लेषण म्हणून फुटबॉलमध्ये आज जे चालतं, त्याचं कूळ बहुतेक जण या वहीपाशी नेऊन ठेवतात. पुढच्याच वर्षी ब्रेंटफर्ड क्लबने रीप यांचा सल्ला घेतला.

१९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत रीप यांनी शेकडो सामन्यांच्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यावरून लांब चेंडू मारून थेट गोलवर जाण्याच्या खेळाला इंग्लंडमध्ये बळ मिळालं. आकडे खरे होते, निष्कर्ष मात्र कच्चा होता. फुटबॉलमधल्या बहुतेक चाली मुळातच तीन पासांच्या आत तुटतात. मग गोलही त्यांतूनच जास्त दिसणार. आपल्या ऊसपट्ट्यात कुणी एकूण टनांवरून शेतकरी जोखत नाही, एकरी किती निघाला ते विचारतो. रीप यांच्या हिशेबात तो ‘एकरी’ राहून गेला. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी २००५ मध्ये विश्वचषकाचे सामने तसे मोजले, तेव्हा यशस्वी संघांना लांब पासमालिकांतून दर चालीमागे जास्त गोल मिळाल्याचं दिसलं.

याच ह्यूज यांनी रॉजर बार्टलेट यांच्यासह २००२ मध्ये ‘कामगिरीचे निर्देशांक’ ही कल्पना नीट मांडली होती. सुटा आकडा फसवतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या, बरोबरीच्या खेळाडूंच्या किंवा आपल्याच आधीच्या खेळाच्या शेजारी ठेवावा आणि शक्यतो प्रमाणात सांगावा, असं त्यांचं म्हणणं. या सगळ्या कुळकथेत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबच्या वाचकाला हे परकं वाटू नये, कारण आपला खो-खो नोंदींच्या बाबतीत भलताच समृद्ध आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधायला घेतले. आज खो-खोच्या गुणपत्रकात कोण किती मिनिटं, किती सेकंद टिकला आणि त्याला कुणी टिपलं, हे लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रातही खेळाडूच्या नावापुढे ‘२.१० मि. व ३ गडी’ असं छापून येतं. पळती आणि आक्रमण, दोन्ही एका ओळीत. गावोगावच्या वाचकाला ही भाषा पाठ आहे.

कच्चा माल हाताशी आहे, पण तो बहुधा विजेता ठरेपर्यंतच वापरला जातो. एक उदाहरण घ्या. नऊ मिनिटांच्या डावात आठ गडी बाद झाले, तर एका गड्यामागे साधारण ६७ सेकंद लागले. हाच हिशेब पुढच्या चार सामन्यांत मांडला की आक्रमण सुधारतंय की नाही ते कळतं. तसंच, पहिल्या तुकडीत ताज्या आक्रमकांसमोर दीड मिनिट पळालेली मुलगी आणि शेवटच्या तुकडीत अर्धं मिनिट उरलेलं असताना नाबाद राहिलेली मुलगी, यांची तुलना नुसत्या सेकंदांवर करता येत नाही. दुसरीला आणखी पळायला वेळच उरला नव्हता. समोरचा संघ कोणता, तुकडी कितवी, बाद कशी झाली – खांबाशी, सूर मारून की साखळी चुकल्याने – हे शेजारी लिहिलं तर सरावात काय घ्यायचं ते त्या ओळीच सांगतात.

त्याला संगणक लागत नाही, व्हिडिओही नाही. फुटबॉलच्या या शास्त्राचा पायाच पेन्सिलीने घातला गेला. करकंब आणि आसपासच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: स्पर्धा संपली की गुणपत्रकं रद्दीत टाकू नका. त्यांची वही करा, राखीव मुलांपैकी एकाला नोंदी घ्यायला बसवा आणि पुढच्या सरावाआधी ती वही संघासमोर उघडा.