साठावा दिवस

परदेशातली नोकरी आटोपून एक नोकरदार 31 जानेवारी 2005 रोजी भारतात परतला. उतरल्याचा दिवस धरला तर मार्चअखेर 60 दिवस भरत होते, सोडला तर 59. वर्षात साठ दिवस आणि आधीच्या चार वर्षांत 365 दिवस भरले, की माणूस निवासी ठरतो आणि परदेशातल्या पगारावरही इथला प्राप्तिकर लागू होऊ शकतो. बंगळूरच्या अपील न्यायाधिकरणाने 2009 साली तो दिवस वगळला. सुट्टीवर येऊन काढलेले आधीचे दिवसही त्यात मिळवू नयेत, असे सांगितले. 2011 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा निकाल उचलून धरला. एका दिवसावर एवढे अवलंबून असावे, हे अनेकांना आंधळेपणाचे वाटते. मला मात्र दिवसांची ही मोजदाद नोकरदाराचे सर्वांत भक्कम संरक्षण वाटते.

याचे कारण या मोजदादीच्या इतिहासात आहे. वास्तव्यावर कर ठरवण्याची रीत ब्रिटिश हिंदुस्थानात 1939 च्या दुरुस्तीने पक्की झाली. तेव्हा बंगळूर शहर म्हैसूर संस्थानात होते, म्हणजे मद्रासच्या करदात्याच्या हिशेबात हद्दीबाहेरचे. संस्थानात मिळवलेला पैसा ब्रिटिश हद्दीत आणला नाही, तर त्यावर सूट मिळे. केंद्राचा प्राप्तिकर म्हैसुराला लागू झाला तो 1950 मध्ये. त्या जुन्या कायद्यात दिवसांशेजारी घराचीही कसोटी होती, आणि 1961 च्या कायद्यानेही ती ठेवली. इथे 182 दिवस घर राखले आणि वर्षात तीस दिवस येऊन राहिले, तरी माणूस निवासी. आता ज्याचे आईवडील, बायकामुले मागे राहिली आहेत, त्याने घर ठेवायचे नाही तर काय करायचे? घर कोणी राखले, कोणासाठी राखले, यावर वाद घालता येतो. तारखेवर तेवढा घालता येत नाही. 1982 मध्ये घराची कसोटी गेली आणि नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षापुरती साठऐवजी 182 दिवसांची मुभा मिळाली. तीन वर्षांनी, 1985 मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरात आली. पुढे या शहरातून हजारो अभियंते परदेशी कामावर गेले, ते या सुटसुटीत नियमाच्या आधाराने.

यावरचा आक्षेप खरा आहे: पैसेवाला माणूस दिवस वाटून घेतो आणि कोणत्याच देशाचा निवासी होत नाही. संसदेने 2020 मध्ये त्याला उत्तर दिले. इथले उत्पन्न पंधरा लाखांवर असेल, तर भेटीला येणाऱ्याची मर्यादा 120 दिवसांवर आली, आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागू नसलेल्या नागरिकाला निवासी मानण्याची तरतूद झाली. पळवाट बुजवली ती उत्पन्नाच्या पायरीवर. पगारदाराचे दिवस तसेच राहिले. हे मला योग्य वाटते. मात्र दिवस सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो आणि विचारणा काही वर्षांनीही होऊ शकते. म्हणून परतल्यावर कोपरा कापलेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. नेमणुकीचे पत्र आणि तिकडच्या कराची कागदपत्रेही त्याच्यासोबत जपून ठेवा.